विश्लेषण : गाडी तुमच्या नावावर, म्हणून पार्किंगचा ‘दंड’ही तुमच्याच माथी?

रात्री साडेनऊच्या सुमारास डहाणू लोकल बोईसरला रिकामी होते आणि जिन्यावरून उतरलेली गर्दी थेट दुचाक्यांच्या रांगांकडे वळते. त्यातल्या एखाद्या गाडीच्या चाकाला साखळी असते. ‘मुदत संपली, दोनशे रुपये दंड, नाहीतर गाडी निघणार नाही,’ असे ठेक्यावरचा माणूस सांगतो. गाडी चालवणारा मुलगा असतो आणि आरसी बुकवर नाव वडिलांचे. ‘गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला बोलवा, त्याच्याकडून घेऊ,’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. दुसरीकडे पालघरच्या बाजारात पाच मिनिटे गाडी लावली म्हणून वडिलांच्या मोबाइलवर ई-चलनाचा संदेश येतो. तेव्हा ते गाडीजवळ नव्हतेच.

दोन्ही ठिकाणी शब्द ‘दंड’ हाच वापरला जातो आणि बोटही आरसी बुकवरच्या नावाकडेच दाखवले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन मागण्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिल्या प्रकरणात गाडीचा नोंदणीकृत मालक केवळ मालक आहे म्हणून एक रुपयाही देणे लागत नाही. दुसऱ्यात तो उत्तर देण्यास बांधलेला आहे, पण त्याआधी पोलिसांकडून काही गोष्टी मागून घेण्याचा हक्क त्याला आहे. या दोन्हींची सरमिसळ ठेकेदाराच्या सोयीची ठरते आणि लोक तिला निमूट शरण जातात.

जागा कोणाची, हे आधी पाहा

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात गाडी लावण्याच्या जागेला एकच मालक नाही. स्थानकाबाहेरचा ‘पे अँड पार्क’ सहसा रेल्वेच्या जमिनीवर असतो. पालघर शहरातले रस्ते नगर परिषदेकडे येतात, तर बोईसरचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या हाती राहिला आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीचे. शिवाय स्थानकाजवळच्या खासगी मोकळ्या जागेत दहा-वीस रुपये घेऊन गाड्या सांभाळणारे लोक आहेत, दवाखाने आणि दुकानसंकुलांची स्वतःची आवारे आहेत. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून रोज मुंबईकडे जाणारा वर्ग वाढला. गाड्यांच्या वेळांमध्ये अंतर मोठे असल्याने उमरोळी, केळवे, मनोरकडचा माणूस स्थानकापर्यंत दुचाकीनेच येतो. पहिल्या पाळीसाठी पहाटे निघालेल्या कामगाराला रिक्षा मिळेलच असे नाही. त्यामुळे वाहनतळ ही इथल्या लोकांची रोजची गरज आहे आणि गरजवंताशी हुज्जत घालणे सोपे असते.

म्हणून हातात पावती पडली की आधी ती कोणाच्या नावाची आहे ते वाचावे. तिच्यावर रेल्वेचा किंवा नगर परिषदेचा उल्लेख, ठेकेदाराचे नाव, ठेक्याची मुदत आणि दर यातले काहीच नसेल, नुसता छापील क्रमांक आणि ‘२० रु.’ एवढेच असेल, तर पैसे नेमके कोणाला दिले हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते. यूपीआयने पैसे देणाऱ्यांनी क्यूआर कोडवर येणारे नाव पाहून घ्यावे. ते ठेकेदार संस्थेचे आहे की साखळी लावणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक खात्याचे, यातून बरेच काही कळते.

पावती हा करार आहे, शिक्षा नाही

दंड करण्याचा अधिकार कायद्यातून येतो. खासगी ठेकेदाराला तो नाही. त्याच्याकडे असतो तो शुल्क घेण्याचा अधिकार आणि तोही जमिनीच्या मालकाने ठेक्यात ठरवून दिलेल्या दरापुरता. गाडी लावणाऱ्याने पावती घेतली की त्या दोघांत एक छोटा करार होतो. हा करार ज्याने गाडी लावली त्याच्याशी होतो. घरी बसलेल्या वडिलांशी, भावाशी किंवा ज्याच्या नावावर गाडी आहे त्या मित्राशी तो होत नाही. मुलाला वडिलांनीच आपल्या कामासाठी पाठवले असेल तर गोष्ट थोडी वेगळी. पण ‘नाव तुमचे म्हणून पैसे तुम्ही द्या’ असे सांगणारे कलम भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २(३०) ‘मालक’ कोण ते सांगते : ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. गाडी कर्जावर असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती. पण ही व्याख्या त्या कायद्यातल्या जबाबदाऱ्यांसाठी आहे. ठेकेदाराच्या वहीतल्या थकबाकीसाठी ती लिहिलेली नाही.

बरे, ज्याने गाडी लावली त्याच्याकडून तरी ठेकेदार मनाला येईल ती रक्कम मागू शकतो का? ‘पावती हरवल्यास ५०० रुपये’ असे फलक अनेक ठिकाणी दिसतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दल आधी रक्कम ठरवून ठेवली असली, तरी वाजवी भरपाईच मिळू शकते आणि ठरलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. दहा रुपयांच्या पार्किंगची पावती हरवल्याने ठेकेदाराचे पाचशेचे नुकसान कसे झाले, हे त्याला सांगता आले पाहिजे. गाडी खरोखर आपलीच आहे याची खात्री करून घेणे मात्र त्याचे कर्तव्यच आहे आणि इथे आरसी बुक उपयोगी पडते. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवरचे किंवा एम-परिवहनवरचे आरसी यासाठी पुरेसे आहे.

साखळी आणि जॅमर

खरे भांडण पैशांपेक्षा साखळीवरून होते. रात्री घरी जायचे असलेला माणूस दोनशे रुपये वादासाठी देत नाही, गाडी सुटावी म्हणून देतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ इथे महत्त्वाचे आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याचा अथवा जॅमर लावून ती जागीच अडकवण्याचा आदेश, त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. ठेकेदाराचा माणूस पोलीस नाही. त्याने खाकी रंगाचा सदरा घातला असला तरीही नाही.

पोलिसांच्या आदेशाने गाडी उचलली गेली असेल तर टोइंगचा खर्च त्याच कलमाने मालकावर टाकलेला आहे. हा खर्च टाळता येत नाही. म्हणून टोइंगवाल्याबरोबर गणवेशातला पोलीस होता का, एवढे पाहून ठेवावे.

रेल्वेच्या हद्दीत आणखी एक कायदा येतो, रेल्वे कायदा, १९८९. त्याच्या कलम १५९ नुसार रेल्वेच्या आवारात रेल्वे कर्मचाऱ्याचा किंवा पोलिसाचा वाजवी आदेश न पाळणाऱ्या गाडीचालकावर कारवाई होते. कायद्याचा शब्द ‘चालक’ असा आहे, मालक नव्हे. स्थानकाच्या दारात आडवी गाडी लावली म्हणून रेल्वे सुरक्षा दलाने कारवाई केली तर ती चालवणाऱ्यावर व्हायला हवी. ही कारवाई करण्याचा अधिकारही दलाचा आहे, पावत्या फाडणाऱ्याचा नाही.

साखळी लागलीच असेल तर व्यवहारी सल्ला असा : हाणामारी करू नये, साखळी तोडू नये. गाडीचा, साखळीचा आणि दरफलकाचा वेळ दिसेल असा फोटो काढावा, ११२ वर फोन करावा. घाई असेल तर पैसे द्यावेत, पण पावती मागावी आणि तिच्यावर ‘निषेध नोंदवून भरले’ असे लिहून तिचाही फोटो घ्यावा. मुकाट्याने दिलेले पैसे आणि निषेध नोंदवून दिलेले पैसे यांत पुढे तक्रार करताना फरक पडतो.

‘आपापल्या जबाबदारीवर’ या फलकाचे काय?

शुल्क घेताना जागेची मालकी सांगायची आणि गाडी चोरीला गेली की ‘वाहने आपापल्या जबाबदारीवर लावावीत’ या फलकाकडे बोट दाखवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात या रीतीला मोठा धक्का दिला. १९९८ मध्ये एका पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि मारुती झेन चोरीला गेली. हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवरच्या ‘पाहुण्याच्या जबाबदारीवर’ या ओळीचा आधार घेतला. न्यायालयाने सांगितले की, गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा ओळीने झटकता येत नाही.

हा निकाल किल्ली ताब्यात देण्याच्या प्रकरणातला आहे, हे लक्षात ठेवायला हवे. स्थानकाच्या वाहनतळावर किल्ली खिशातच राहते, त्यामुळे तिथे तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तरीही पैसे घेऊन दिलेली ती सेवाच आहे. राखणदार नसणे, दिवे नसणे, पावती न तपासता गाडी बाहेर जाऊ देणे या सेवेतल्या त्रुटी म्हणून ग्राहक आयोगापुढे मांडता येतात. ज्या बोईसरकराची मासिक पास काढून लावलेली गाडी सहा महिन्यांत दोनदा पेट्रोलविना सापडते, त्याने निदान हे माहीत करून घ्यावे.

ई-चलन : इथे मालकाला उत्तर द्यावे लागते

आता दुसरी बाजू. मनाई असलेल्या जागी गाडी लावली आणि वाहतूक पोलिसांनी फोटो काढला, तर चलन नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते. कायद्यात जिथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, तिथे कलम १७७ लागू होते : पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत. ‘मी चालवत नव्हतो’ एवढे म्हणून इथे सुटका होत नाही. कलम १३३ नुसार अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास गाडी कोण चालवत होते, त्याचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती मालकाने द्यायची असते. स्वतःजवळ आहे ती आणि थोड्या चौकशीने मिळू शकेल तीही. गाडी भाड्याने देणाऱ्या किंवा कंपनीच्या कामगारांसाठी गाड्या चालवणाऱ्या तारापूरच्या व्यावसायिकांनी कोणत्या दिवशी कोण चालक होता याची वही ठेवावी, ती याचसाठी.

मुलगा अल्पवयीन असेल तर प्रकरण पार्किंगपुरते राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ पालक किंवा मालकालाच दोषी धरते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी ती तरतूद आहे. ‘स्टेशनपर्यंतच तर नेतो’ ही सबब न्यायालयात चालत नाही.

मालकावर एवढी जबाबदारी टाकताना सरकारवरही काही बंधने आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. त्या सूचनेत गाडीचा क्रमांक दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम असायला हवे आणि हा पुरावा चलनाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवायला हवा. पार्किंगच्या चलनात तर ठिकाणच सगळे काही असते. फोटोत नुसता गाडीचा मागचा भाग आणि क्रमांक दिसतो, ‘नो पार्किंग’चा फलक कुठेच नाही, अशा फोटोवरून गुन्हा कसा ठरवायचा? कुठे गाडी लावायची आणि कुठे नाही हे जाहीर करून फलक लावणे हे प्रशासनाचे काम आहे. ते न करता निघालेले चलन भरून टाकणे हा नाइलाज असतो, गुन्ह्याची कबुली नसते. व्यवस्था मात्र ती कबुलीच समजते.

ही तक्रार एकट्या दुचाकीस्वाराची नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनांच्या विरोधातच संप केला. त्यानंतर वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढू नयेत, असे आदेश निघाले.

चलन चुकीचे वाटले तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. गाडीचा क्रमांक चुकीचा वाचला गेला, त्या वेळी गाडी दुसरीकडे होती, फलक नव्हता, गाडी विकली होती, अशी कारणे पुराव्यासह द्यावीत. टोलनाक्याची फास्टॅग नोंद हा इथे उत्तम पुरावा ठरतो. चारोटी किंवा खानिवडे नाक्यावर त्याच वेळी टोल कापला गेला असेल, तर तीच गाडी पालघरच्या बाजारात असू शकत नाही. तक्रार फेटाळली गेली तरी दार बंद होत नाही. चलन मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. लोकअदालतीचा संदेश आला की अनेकांना ते समन्स वाटते. लोकअदालतीत तडजोड संमतीनेच होते. पण तिथे एकदा तडजोड केली की अपील राहत नाही, हे माहीत असावे. आणखी एक मुद्दा वकिलांनाच माहीत असतो : ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६८ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ५१४ आहे. योग्य कारण असल्यास न्यायालय उशीर माफ करू शकते. तरीही तीन-चार वर्षांपूर्वीच्या पार्किंग चलनासाठी अटकेची भीती घालणारा संदेश आला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

संदेशावरून आठवण : चलनाच्या नावाने येणारी एपीके फाइल कधीही उघडू नये. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवावे.

ब्रिटनने केलेला सौदा

लंडन-बर्मिंगहॅमकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय वेगळ्या रूपात भेटतो. सुपरमार्केटच्या आवारात मुदतीपेक्षा जास्त वेळ गाडी राहिली की खासगी पार्किंग कंपनीचे पत्र घरी येते, गाडीच्या नोंदणीकृत धारकाच्या नावाने. तिथे २०१२ च्या एका कायद्याने हे शक्य केले. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीवर कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणे गुन्हा ठरले. त्याच्या बदल्यात, चालक कोण हे कळले नाही तर ठरावीक मुदतीत सूचना देऊन धारकाकडून पैसे मागण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. सोबत स्वतंत्र अपील यंत्रणाही आली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दोन तासांची मोफत मुदत ओलांडल्याबद्दल ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरवली. म्हणजे मालकावरचा भार त्यांनी वाढवला, पण साखळी काढून घेतली आणि दाद मागायला जागा दिली.

आपल्याकडे खासगी जागेसाठी असा सौदा झालेलाच नाही. मालकावर भार टाकणारा कायदा नाही, जॅमरवर स्पष्ट शब्दांत बंदी नाही आणि स्वतंत्र अपीलही नाही. उरते ती वाहनतळावरची ताकद. त्यात आता फास्टॅगने पार्किंग शुल्क कापण्याची सोय मॉल आणि विमानतळांवर आली आहे. गाडी कोणीही नेली तरी पैसे ज्याच्या खात्याला फास्टॅग जोडला आहे त्याच्याकडून जातात. कोणताही कायदा न करता मालकाची जबाबदारी अशी तंत्रज्ञानाच्या मार्गाने आत शिरते आहे. ही सोय स्थानकांच्या वाहनतळांवर येण्याआधी चुकीच्या वजावटीची दाद कोठे मागायची, हे ठरवणे आवश्यक आहे. सध्या फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करता येते.

तक्रार कोणाकडे?

रेल्वेच्या वाहनतळाची तक्रार ‘रेल मदद’वर किंवा १३९ क्रमांकावर करता येते. पावतीचा फोटो, वेळ आणि स्थानकाचे नाव जोडावे. नगर परिषदेच्या ठेक्याची तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मंजूर दर किती, ठेक्याची मुदत कधीपर्यंत, पावती हरवल्यास किती आकारणी करण्याची परवानगी आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. दोन-चार प्रवाशांनी मिळून हा एकच अर्ज केला, तर जे हाती येईल ते रोजच्या भांडणातून कधीच हाती येणार नाही. खरे तर हा कागद मागण्याची वेळच येऊ नये. ठेका देणाऱ्या रेल्वेने आणि नगर परिषदेने दर, मुदत आणि तक्रारीचा क्रमांक वाहनतळाच्या दारात मराठीत लावायला लावणे, न लावल्यास ठेकेदाराला दंड करणे, इतके साधे काम आहे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, राहत्या ठिकाणच्या आयोगात अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. दोनशे रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही हे ठेकेदारालाही ठाऊक असते. पण गाडीच चोरीला गेली, तिचे नुकसान झाले, तर हा मार्ग सोडू नये.

विकलेली गाडी, जुना पत्ता

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. इथल्या असंख्य गाड्यांवर अजून ठाण्याचा ‘एमएच ०४’ आहे, नव्या गाड्यांवर ‘एमएच ४८’. क्रमांक जुना असल्याने काही बिघडत नाही, पण आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक जुना असेल तर चलनाची सूचना भलत्याच दारात जाते. पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवणे कलम ४९ नुसार बंधनकारक आहे. मोबाइल क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर बदलता येतो.

गाडी विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देणारे तर स्वतःहून अडकतात. त्याच राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एक गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचेच होते. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. ते प्रकरण प्राणघातक अपघाताचे होते. बोईसरच्या गॅरेजवाल्याला तोंडी व्यवहारात विकलेली स्कूटर उद्या कोठे लावली जाईल, त्याचे चलन मात्र आजही जुन्याच मोबाइलवर येते. गाडी नोंदणीकृत डीलरला दिली असेल, तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार ती त्याच्या ताब्यात गेल्याची सूचना ऑनलाइन द्यायची असते आणि त्यानंतर मालक म्हणून डीलरला धरले जाते. त्या सूचनेची प्रत मागून घ्यावी. ती नसेल तर गाडी अजून आपल्याच नावावर आहे असे समजून चालावे.